साथीला कोण?

गाणं चालू असताना मध्येच कागद उलटल्याचा आवाज येतो. अगदी स्पष्ट, माइकच्या जवळून. गाणारा समोर शब्द लिहिलेले कागद ठेवून गातो आहे, पान संपलं आणि त्यानं ते उलटलं. मग एक गाणं सोडून पुढचं सुरू होतं आणि सुरुवातीलाच सूर हातातून निसटतो. आवाज वर चढायला जातो, फाटतो, गाणारा थांबतो. काचेपलीकडच्या माणसांना काहीतरी सांगतो आणि पुन्हा पहिल्यापासून धरतो. हे सगळं तबकडीवर जसंच्या तसं आहे. कापता आलं असतं, पण कापलेलं नाही.

गाणाऱ्याचं नाव सिड बॅरेट. तबकडी 'द मॅडकॅप लाफ्स', जानेवारी १९७० मध्ये बाजारात आलेली. काचेपलीकडचे दोघे म्हणजे डेव्हिड गिलमूर आणि रॉजर वॉटर्स. त्यांच्या पिंक फ्लॉइडमधून बॅरेटला बाहेर पडावं लागून तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. ध्वनिमुद्रणाची तारीख २६ जुलै १९६९. त्याच्या सहाच दिवस आधी माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा पिंक फ्लॉइड बीबीसीच्या स्टुडिओत बसून त्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी आयत्या वेळी सुचेल ते वाजवत होते. आता त्यांच्यातले दोघे लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जुन्या मित्राची अर्धवट राहिलेली रेकॉर्ड पुरी करायला आले होते.

या रेकॉर्डवर जो कोणी लिहितो तो तिला ओबडधोबड म्हणतो, आणि ते खोटं नाही. तेरा गाण्यांतली काही अशी आहेत की एकदा ऐकली की महिनाभर डोक्यातून जात नाहीत. काही मात्र कच्चा खर्डा वाटावा अशी. पण हा सगळा चढउतार बॅरेटच्या बिघडलेल्या मनातून आला, एवढं म्हणून मोकळं व्हायची जी पद्धत पडली आहे ती मला मान्य नाही. मला त्यात साथीचा हिशेब दिसतो. कोणत्या दिवशी त्याच्याबरोबर कोण बसलं होतं आणि बसणाऱ्याचा कान कुठे होता, ते त्या त्या गाण्यात ऐकू येतं.

रॉजर कीथ बॅरेटचा जन्म ६ जानेवारी १९४६ चा, केंब्रिजचा. वडील पॅथॉलॉजिस्ट. ते डिसेंबर १९६१ मध्ये गेले, तेव्हा मुलाला सोळावं पुरं व्हायला काही आठवडे बाकी होते. 'सिड' हे नाव त्याला मित्रांनी दिलं, गावातल्या एका जुन्या जॅझ वादकावरून. चित्रकला हा त्याचा खरा अभ्यास. १९६४ मध्ये तो लंडनच्या कँबरवेल कला महाविद्यालयात शिकायला गेला. डेव्हिड गिलमूर केंब्रिजचाच. दोघे एकत्र गिटारवर बोटं घासायचे आणि १९६५ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रस्त्यात उभं राहून गायचे. पुढे एकानं दुसऱ्याची जागा घेतली, म्हणून ही दोस्ती आधी सांगितली.

त्या मित्रमंडळाला त्याच सुमारास भारताची ओढ लागली होती. काहीजण राधास्वामी सत्संगाकडे, ब्यासच्या महाराज चरणसिंग यांच्याकडे वळले. बॅरेटनंही दीक्षा मागितली. ती मिळाली नाही. तू अजून लहान आहेस, आधी शिक्षण पुरं कर, असं उत्तर आलं. जवळच्यांच्या सांगण्यावरून हा नकार त्याला फार लागला. एलएसडी त्या वर्तुळात शिरली तीही याच काळात.

लंडनमध्ये वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुरचना शिकायला आलेले तिघे आणि हा चित्रकार मिळून बँड झाला. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या अमेरिकेतल्या दोन ब्लूज गायकांची पहिली नावं जोडून बॅरेटनं बँडचं बारसं केलं. डिसेंबर १९६६ पासून टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या 'यूएफओ' क्लबात, भिंतीवर तेलाच्या रंगीत ठिपक्यांचा उजेड हलत असताना, ते वाजवू लागले. सायकेडेलिक म्हणतात ते संगीत लंडनमध्ये वाढलं ते अशा खोल्यांतून. बॅरेटच्या फेंडर एस्क्वायर गिटारवर गोल आरसे चिकटवलेले असत. सिगारेटचा लायटर तो तारांवरून घसरवी आणि तो आवाज बिन्सन इकोरेक या यंत्रातून घुमवून बाहेर सोडी. १९६७ मध्ये 'आर्नल्ड लेन' आणि 'सी एमिली प्ले' ही गाणी गाजली. ऑगस्टमध्ये पहिली एलपी आली, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन'. ती ॲबी रोडमध्ये तयार होत असताना शेजारच्या खोलीत बीटल्स 'सार्जंट पेपर' करत होते. 'पायपर'मधली बहुतेक गाणी एकट्या बॅरेटची.

पुढची घसरण झपाट्यानं झाली. त्या वर्षअखेरीच्या अमेरिका दौऱ्यात त्यानं भर कार्यक्रमात गिटारच्या खुंट्या सैल करून तारा लोंबत्या केल्या. टीव्हीवर प्रश्न विचारला की नुसता बघत राहिला. या गोष्टी इतक्या वेळा सांगून झाल्या आहेत की मी त्यात रेंगाळत नाही. एकच प्रसंग मात्र इथे हवा. एकदा तालमीला तो नवं गाणं घेऊन आला. शिकवायला लागला. बाकीचे पहिल्या फेरीला चाल पकडत, दुसऱ्या फेरीला त्यानं ती बदललेली असे. तिसऱ्या फेरीला आणखी वेगळी. आणि दर फेरीनंतर तो त्यांना गाऊनच विचारी, आलं का ध्यानात? वॉटर्सच्या लक्षात यायला बराच वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर त्यानं वाद्य खाली ठेवलं. वॉटर्सनंच पुढे या प्रसंगाबद्दल कौतुकानं सांगितलं आहे. मला या गोष्टीत पुढच्या रेकॉर्डची सगळी अडचण आधीच दिसते. चाल ठरलेली नाही, साथीदारानं काय धरायचं?

जानेवारी १९६८ मध्ये गिलमूरला बँडमध्ये घेतलं. काही कार्यक्रम पाचजणांनी केले. २६ जानेवारीला साउदॅम्प्टनला निघताना गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायला जायचं का, आणि ठरलं की नको. एवढ्यावर ते झालं. एप्रिलमध्ये रीतसर जाहीर केलं. व्यवस्थापक पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग यांचा विश्वास असा की बँडचा जीव बॅरेट आहे, म्हणून ते पिंक फ्लॉइड सोडून त्याच्याबरोबर राहिले.

मे १९६८ मध्ये जेनर त्याला ॲबी रोडला घेऊन गेला. 'सायलस लँग', 'लेट नाइट', 'गोल्डन हेअर' यांचे कच्चे ट्रॅक झाले. 'ऱ्हामादान' नावाचा वीसेक मिनिटांचा एक वाद्यमेळ झाला. जुलैपर्यंत हे चाललं आणि थांबलं. हे काम किती अवघड आहे याचा आपल्याला अंदाजच नव्हता, असं जेनरनं नंतर कबूल केलं. पुढे जवळजवळ वर्षभर काही नाही.

१९६९ च्या वसंतात बॅरेटनं स्वतःहून ईएमआयला विचारलं, पुन्हा रेकॉर्डिंग करता येईल का. हा प्रश्न माल्कम जोन्सपर्यंत पोचला. ईएमआय तेव्हा 'हार्वेस्ट' नावाचं नवं लेबल काढत होती आणि हा तरुण त्याचा प्रमुख होणार होता. त्यानं बाहेरचा निर्माता शोधण्याऐवजी स्वतःच बसायचं ठरवलं. १० एप्रिलला काम सुरू झालं, आणि पुढचे काही दिवस बॅरेट ज्या वेगानं गात सुटला तो पाहता त्याच्याबद्दल पसरलेल्या अफवा वेगळ्याच माणसाच्या वाटाव्यात. 'टेरापिन' त्यानं एकाच टेकमध्ये गायलं. पाच मिनिटांचं, संथ, पाण्याखालून चालल्यासारखं गाणं. १७ एप्रिलला जेरी शर्ली ड्रमवर आणि विली विल्सन बेस गिटारवर बसले. शर्ली अवघा सतरा वर्षांचा. 'नो मॅन्स लँड' आणि 'हिअर आय गो' त्या दिवशी तिघांनी एकत्र बसून वाजवली. 'हिअर आय गो' ऐका. जुन्या नाटकगृहातल्या हलक्याफुलक्या गाण्यांची चाल, बॅरेट मजेत आहे, मागचे दोघे त्याच्याकडे बघत वाजवताहेत हे कानाला कळतं.

आता जरा खोलात जायला हवं, कारण इथेच या रेकॉर्डचं मर्म आहे.

रॉक संगीतात रेकॉर्डिंगचा रिवाज असा की आधी ड्रम आणि बेस पक्के करायचे. त्या पायावर गिटार, आणि सगळ्यात शेवटी गाणारा. ठेका आधी, गायक त्याच्यावर. इथे उलटं झालं. बॅरेटनं आधी एकट्यानं गिटार वाजवत गायचं आणि दुसऱ्यांनी नंतर येऊन त्याच्याभोवती वाजवायचं. एकटा गाताना तो मात्रा मोजत नसे. ओळ संपेपर्यंत ओळ, श्वास आहे तोवर स्वर. एका कडव्यात ओळीनंतर जेवढी जागा सोडली तेवढीच पुढच्या कडव्यात सोडेल याचा भरवसा नाही. शब्द लांबला तर आवर्तन लांबलं, मनात आलं तर दोन मात्रा गिळल्या. आपल्याकडे भजनाला बसलेल्या पखवाजवाल्याला हे परकं नाही. बुवांनी ओळ ओढली तर तो त्यांच्या तोंडाकडे बघत हात आवरतो, समेला दोघे भेटतात. पण बुवा समोर असतात. इथे बुवा टेपवर. मान हलत नाही, डोळा मिळत नाही, सम कुठे येणार याची खूण नाही, आणि ती दर कडव्याला थोडी सरकलेली.

३ मे १९६९ ला या टेपसमोर सॉफ्ट मशीन बँडचे तिघे बसले. रॉबर्ट वायट, ह्यू हॉपर आणि माइक रॅटलेज. विषम मात्रांत खेळणारे, त्या काळातले इंग्लंडमधले सगळ्यात सावध कान म्हणावेत असे. या रेकॉर्डवरची 'नो गुड ट्राइंग' आणि 'लव्ह यू' ही गाणी त्यांच्या वाट्याला आली. वायटनं पुढे सांगितलं आहे की सूर कोणता, मात्रा किती, असं बॅरेटला विचारलं तर तो हसून भलतंच काही बोले किंवा नुसतं हो म्हणे. शिवाय ते ज्याला तालीम समजत होते तेच शेवटी रेकॉर्डवर आलं. 'नो गुड ट्राइंग'मध्ये ते ऐकू येतं. ड्रम एके ठिकाणी अर्धं पाऊल पुढे जातो, चूक कळते, पुन्हा मागे येऊन गाण्याला गाठतो. बेस थोडा उशिरा वळतो. सगळं मिळून डगमगतं पण पडत नाही. हे गाणं मला या रेकॉर्डमधलं सर्वांत जिवंत वाटतं. तीन निष्णात वादक एका माणसाच्या श्वासामागे चाचपडत चालले आहेत, आणि त्या चाचपडण्यात त्याच्याबद्दलचा आदर आहे. दुरुस्त करायला ते बसलेले नाहीत.

त्याच सुमारास बॅरेट एक बॅटरीवरचा कॅसेट रेकॉर्डर घेऊन स्टुडिओत आला. त्यात त्यानं मोटरसायकलचे आवाज भरून आणले होते. ते त्याला 'ऱ्हामादान'वर चढवायचे होते. आवाज इतके खराब होते की तो बेत सोडावा लागला. जोन्सनं या सगळ्या बैठकींवर नंतर एक छोटं पुस्तक लिहिलं, आणि त्यातला बॅरेट थकलेला असला तरी काय हवं ते ठाऊक असलेला माणूस आहे.

मग गिलमूर आला. तो बॅरेटच्या घराजवळच राहत होता, जाणंयेणं होतं. रेकॉर्ड पुरी करायला मदत करतो, असं त्यानं सुचवलं. जोन्सवर नव्या लेबलचं काम पडलं होतं, त्यानं वाट मोकळी केली. जूनमध्ये दोन दिवस आणि जुलैचा तो एक दिवस, एवढाच वेळ गिलमूर आणि वॉटर्सकडे होता. पिंक फ्लॉइडचं 'उमागुमा' हातात होतं, दौरे होते. १२ आणि १३ जूनच्या बैठकींतून 'ऑक्टोपस', 'गोल्डन हेअर' आणि 'डार्क ग्लोब' आली. 'गोल्डन हेअर'चे शब्द जेम्स जॉइसच्या १९०७ मधल्या 'चेंबर म्युझिक' संग्रहातल्या एका कवितेचे. दोन मिनिटांत संपणारं, मागे झांजांचा मंद झणत्कार आणि एकच धरलेला सूर. कुणीतरी कान देऊन बांधलेलं. 'डार्क ग्लोब'मध्ये नुसती गिटार आणि ताणलेला आवाज, पण तिथे ते उघडेपण गाण्याचंच आहे. त्याला दुसरं काही चालणारही नाही.

२६ जुलै मात्र वेगळा. दुसऱ्या बाजूची सलग चार गाणी त्या एका दिवसाची: 'लाँग गॉन', 'शी टुक अ लाँग कोल्ड लुक', 'फील', 'इफ इट्स इन यू'. शेवटच्या तिन्हींत तो एकटा आहे. ड्रम नाही, बेस नाही. नंतर येऊन कुणी साथ भरायला वेळच उरला नव्हता. पान उलटल्याचा आवाज त्यातल्या पहिल्या गाण्यात आणि तो फाटलेला सूर तिसऱ्यात.

सिड खरा कसा होता ते ऐकणाऱ्याला कळावं म्हणून ते ठेवलं, असं गिलमूरनं पुढे सांगितलं. माल्कम जोन्सला तयार रेकॉर्ड ऐकून धक्का बसला. घरातली धुणी चव्हाट्यावर धुतल्यासारखं ते त्याला वाटलं, आणि तसं त्यानं लिहून ठेवलं. मी जोन्सच्या बाजूचा आहे. गाणाऱ्याचा आवाज फाटणं ही रोजची गोष्ट. प्रत्येक स्टुडिओच्या टेपांवर असे शेकडो तुकडे असतात आणि ते सगळ्यांसाठी कापले जातात. याच्याचसाठी ते राखले, आणि मग त्या तुकड्यांवरून लोकांनी ठरवलं की हा माणूस संपला. एप्रिलमध्ये एका टेकमध्ये 'टेरापिन' गाणारा आणि जुलैत कोसळणारा हे दोघेही खरेच होते. रेकॉर्डनं दुसऱ्याला पुरावा केलं.

तरीही गिलमूरला खलनायक ठरवणं मला जमत नाही. त्यानं हात लावला नसता तर ती टेप कदाचित कपाटातच राहिली असती. वर्षभरात त्यानं राइटबरोबर बॅरेटची दुसरी एलपीही उभी केली. पुढे आयुष्यभर बॅरेटच्या गाण्यांचे पैसे त्याच्यापर्यंत पोचतील याकडे लक्ष ठेवलं. १९६९ च्या जुलैत तो तेवीस वर्षांचा होता, ज्याची जागा घेतली त्याच मित्राच्या समोर काचेपलीकडे बसलेला. तिथून काय ऐकू येत असेल?

मुखपृष्ठ मिक रॉकनं काढलेलं छायाचित्र आहे. अर्ल्स कोर्टच्या वेदर्बी मॅन्शन्समधल्या बॅरेटच्या खोलीतलं. लाकडी फरशीच्या फळ्या त्यानं स्वतः रंगवल्या होत्या, एक नारिंगी, एक जांभळी. खोली रिकामी. तो जमिनीवर उकिडवा बसलेला आहे, जवळ फुलदाणी. त्याच फ्लॅटमध्ये डगी फील्ड्स हा चित्रकार राहत होता. बॅरेट सोडून गेल्यावरही फील्ड्स तिथेच राहिला, २०२१ मध्ये मरेपर्यंत.

एलपी इंग्लंडच्या यादीत चाळिसाव्या क्रमांकापर्यंत गेली. हार्वेस्टसाठी ते वाईट नव्हतं, म्हणूनच त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'बॅरेट' ही दुसरी एलपी निघू शकली. ती अधिक नीटनेटकी आहे आणि मला कमी आवडते.

६ जून १९७० ला लंडनच्या ऑलिंपियात बॅरेटनं एकदा प्रेक्षकांसमोर आपली गाणी गाऊन पाहिली. बेसवर गिलमूर, ड्रमवर शर्ली. आवाजाची यंत्रणा अशी लावली होती की शब्द कुणाला ऐकूच येईनात. तीन गाणी झाली. चौथं 'ऑक्टोपस'. ते संपता संपता बॅरेटनं गिटार उतरवली, शांतपणे खाली ठेवली आणि तो निघून गेला. साथीदार दोघे मंचावरच राहिले.

१९७४ नंतर त्यानं एकही गाणं ध्वनिमुद्रित केलं नाही. जून १९७५ मध्ये तो ॲबी रोडला अचानक येऊन उभा राहिला, डोकं आणि भुवया तासलेल्या, अंग सुटलेलं. त्याच्यावरच लिहिलेल्या गाण्याचं काम तिथे चाललं होतं आणि जुन्या दोस्तांनी त्याला ओळखायला बराच वेळ लावला. मग केंब्रिज, चित्रं, बाग. तिथे त्याला पुन्हा सगळे रॉजर म्हणत. ७ जुलै २००६ ला तो गेला, साठाव्या वर्षी.

एक गाणं सांगायचं राहिलं. ११ एप्रिल १९६९ ला, जोन्सबरोबरच्या दुसऱ्याच दिवशी, बॅरेटनं 'ओपेल' गायलं. जोन्सच्या मते हे त्याच्या सर्वोत्तम गाण्यांपैकी एक. अंतिम निवडीत ते घेतलं नाही. एकोणीस वर्षं टेप पडून राहिली आणि १९८८ मध्ये उरल्यासुरल्या गाण्यांच्या एलपीत, तिलाच 'ओपेल' हे नाव देऊन, ते बाहेर आलं. सहा मिनिटांहून मोठं आहे. निर्जन किनाऱ्याचं चित्र हळूहळू उभं राहतं, आवाज स्थिर आहे, सूर जागेवर आहे. मधे बराच वेळ शब्द थांबतात आणि तो नुसती गिटार छेडत राहतो, त्याच त्या सुरांवर, घाई न करता, मागून आणखी कुणी वाजवायला येणार आहे असं धरून चालल्यासारखा. ती जागा त्या टेपवर अजून तशीच मोकळी आहे.